वक्तशीर समुद्र

व्हिडिओ गेमच्या नकाशातला समुद्र हा मूलतः एक पत्रा असतो. नकाशा रचणारा कारागीर आधी डोंगर, दऱ्या, गल्ल्या आणि पडकी देवळे उभी करतो, मग एका ठरलेल्या उंचीवर निळसर, अर्धपारदर्शक असा सपाट पत्रा नकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून देतो, आणि जमिनीचा जो भाग पत्र्याखाली गेला त्याला समुद्रतळ, जो वर राहिला त्याला बेट व जिथे दोघांची गाठ पडली त्या रेषेला किनारा म्हणून मोकळा होतो. पत्र्याखाली पाणी नावाचा पदार्थ बहुधा नसतोच. तिथे असतो तो एक नियम, की खेळाडूचे डोके या उंचीखाली गेल्यास पडदा हिरवट करावा, आवाज दबका करावा, चालणे बंद करून पोहणे सुरू करावे आणि श्वास मोजायला लागावे. हा नियम निव्वळ उंचीवर बेतलेला असला, तर किनाऱ्यापासून कोसभर आत खणलेल्या कोरड्या तळघरात उतरणारा शिलेदारही शेवटच्या चार पायऱ्यांवर अचानक हातपाय मारू लागतो आणि धान्याच्या पोत्यांमधून पोहत पलीकडच्या भिंतीला लागतो. म्हणून अनुभवी कारागीर पाण्याला चौकटी घालतो, म्हणजे अमुक लांबी-रुंदीच्या खोक्यापुरतेच पाणी आहे आणि त्याबाहेर ते नाही, असे संगणकाला लेखी बजावून ठेवतो.

पत्रा खिळे ठोकून बसवलेला आहे तोवर सगळे सुखाने नांदते. तो हलवावा असे कुणाच्या मनात आले, की खरी कसोटी सुरू होते. आणि हे मनात येणे स्वाभाविकच आहे, कारण ज्याने समुद्र पाहिला आहे त्याला न हलणारा समुद्र हा मोठा तलाव वाटतो.

खऱ्या समुद्राची पातळी चंद्र आणि काही अंशी सूर्य यांच्या ओढीने वरखाली होते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे आज दुपारी बाराला आलेले पाणी उद्या पावणेएकनंतर येते आणि परवा आणखी उशिरा. कोकण किनाऱ्यावर याचा हिशेब करायला घड्याळ लागत नाही, पंचांग लागते: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र-सूर्य एका ओळीत आल्यामुळे पाणी फार चढते व फार उतरते, त्याला उधाण म्हणतात; अष्टमीच्या आसपास दोघे काटकोनात ओढत असल्यामुळे पाणी जेमतेम हलते, त्याला भांग म्हणतात. मुंबईत उधाणाच्या दिवशी ओहोटी आणि भरती यांतला फरक चार मीटरच्या वर सहज जातो, आणि तो पावसाळ्यात मुसळधार पावसाच्या मुहूर्तावर आला की शहराच्या नकाशात कुणीही न रचलेले तलाव दिसू लागतात.

खेळातल्या समुद्राला यातले काहीच लागू नसते, मात्र खेळातल्या आकाशात चंद्र बहुधा असतो, आणि इथूनच या विषयातली मौज सुरू होते. ‘माइनक्राफ्ट’ या ठोकळ्यांच्या जगप्रसिद्ध खेळात समुद्रसपाटी ६३ या आकड्यावर कायमची नेमलेली आहे. तिथला चंद्र आठ कलांनी रीतसर वाढतो आणि घटतो. त्याचा प्रभाव दलदलीतल्या स्लाइम नावाच्या हिरव्या, लिबलिबीत, चौकोनी प्राण्यांवर पडतो, ते पौर्णिमेला सर्वांत जास्त उगवतात आणि अमावास्येला दलदलीत एकही उगवत नाही. परंतु त्याच चंद्राखाली पसरलेल्या अथांग समुद्राचे पाणी एका ठोकळ्यानेही हलत नाही. समुद्राच्या दृष्टीने हा चंद्र बिनखात्याचा मंत्री ठरतो. तिथल्या पाण्याचे इतर कायदेही कोणत्याही पाणीपुरवठा अधिकाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतील असे आहेत. सपाट जमिनीवर ओतलेले पाणी उगमापासून सात ठोकळे वाहते आणि आठव्यावर नम्रपणे थांबते. दोन बाय दोनच्या खड्ड्यात समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक बादली ओतली, की तिथे कधीही न आटणारी विहीर तयार होते. २०१८च्या सुधारणेपूर्वी तर पाणी आणि दार यांना एका ठोकळ्यात राहता येत नसे, त्यामुळे समुद्राच्या तळाशी जाऊन साधे लाकडी दार उभे केले, की दाराच्या जागेत हवा उरे आणि पाणबुडा त्यात उभा राहून निवांत श्वास घेई.

आता याच खेळात भरती आणायचे ठरवले तर काय होईल, हे गणिताने पाहण्यासारखे आहे. माइनक्राफ्टमधला एक पूर्ण दिवस खऱ्या २० मिनिटांत संपतो, म्हणजे तिथला काळ ७२ पट वेगाने धावतो. त्या हिशेबाने भरतीपासून भरतीपर्यंतचे १२ तास २५ मिनिटे साधारण १० मिनिटे २० सेकंदांत उरकतात आणि पाणी तळापासून माथ्यापर्यंत सव्वापाच मिनिटांत चढते. मुंबईसारखी चार मीटरची भरती आणि पन्नास मीटरला एक मीटर चढणारी ऐसपैस वाळू धरली, तर किनाऱ्याची रेषा सव्वापाच मिनिटांत दोनशे मीटर आत येते. हा सरासरी वेग संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालेल्या आजोबांच्या वेगाइतका पडतो. मात्र पाणी सारख्या वेगाने चढत नाही. खलाशांच्या जुन्या बाराव्या हिश्श्याच्या नियमाप्रमाणे चढाच्या सहा तासांत अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन आणि एक असे बारावे भाग पाणी चढते, म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी येते, आणि त्या वेळी आजोबा बस पकडायला निघाल्यासारखे चालू लागतात. वाळूवर घर बांधणाऱ्या खेळाडूला दर दहा मिनिटांनी छपरावर चढावे लागले असते. चंद्राला बिनखात्याचा ठेवण्यामागे रचनाकारांचा आळस नसून दूरदृष्टी असावी, असे म्हणायला जागा आहे.

या आकडेमोडीतून नकाशाकाराच्या दुखण्याचे मूळ कळते. पाणी वर नेणे ही अडचण नाहीच; पत्र्याची उंची हा एक आकडा असतो आणि तो बदलायला एक ओळ पुरते. पाणी चार मीटर वर गेले की किनारा दोनशे मीटर आडवा सरकतो, हे खरे दुखणे असते, आणि किनाऱ्यावर तर अर्धा नकाशा वसलेला असतो. संगणकाच्या ताब्यातली पात्रे कुठून चालू शकतात याचे तुकड्यातुकड्यांचे जाळे आधीच विणून ठेवलेले असते, त्याला नेव्हिगेशन मेश म्हणतात. पाणी चढले तरी या जाळ्याला त्याची वार्ता नसते, त्यामुळे बाजारातली मासेवाली गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून ताज्या मासळीचा भाव सांगत राहते, आणि पाणी डोक्यावरून गेले तरी भाव उतरवत नाही. उन्हाच्या सावल्या आधीच मोजून भिंतींवर आणि वाळूवर कायमच्या उमटवून ठेवतात, या क्रियेला बेकिंग, म्हणजे भाजणे म्हणतात. आणि एकदा भाजलेली वाळू ओहोटीनंतर ओली दिसत नाही, तिच्यासाठी ओलसर पट्टा वेगळा रंगवून पाण्यामागे फिरवावा लागतो. धक्क्याला बांधलेल्या होड्या एकतर पाण्याबरोबर उचलाव्या लागतात किंवा त्यांना जलसमाधी द्यावी लागते. मेलेला खेळाडू ज्या जागी पुन्हा जिवंत होतो ती जागा ओहोटीत निवडलेली असेल, तर भरतीत तो जिवंत होतो आणि लगेच बुडतो, पुन्हा जिवंत होतो आणि पुन्हा बुडतो. पुनर्जन्माच्या फेऱ्याचे इतके थेट प्रात्यक्षिक अन्यत्र मिळणे कठीण.

याहून चिवट एक व्याधी आहे, तिला झेड-फायटिंग म्हणतात. दोन पृष्ठभाग नेमके एकाच खोलीवर आले, की पुढचा कोणता आणि मागचा कोणता हे संगणकाला ठरवता येत नाही आणि तो क्षणाक्षणाला मत बदलतो, त्यामुळे पडद्यावर दोहोंचे तुकडे लुकलुकू लागतात. स्थिर पाण्यात यावर उपाय सोपा असतो, धक्क्याची फळी बोटभर उंच केली की भांडण मिटते. चढत्या पाण्याला मात्र वाटेतली प्रत्येक उंची ओलांडावीच लागते, म्हणून धक्क्याची फळी, पायरी, ओटा, ओसरी यांपैकी प्रत्येकाशी ते एकदा चढताना आणि एकदा उतरताना भांडून जाते. प्रतिबिंबाचा खर्च वेगळाच. सपाट पाण्यात समोरचा डोंगर स्वच्छ उलटा दिसावा असे वाटत असेल, तर संगणकाला तो सगळा देखावा पाण्याच्या उंचीवर आरसा धरून दुसऱ्यांदा रंगवावा लागतो, आणि दोन वेगळ्या उंचींवर पाणी असेल तर तिसऱ्यांदा. ‘हाफ-लाइफ २’साठी वापरलेल्या सोर्स या इंजिनाने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मूळ यंत्रणेने, यावर एका नजरेच्या टप्प्यात एकाच उंचीच्या पाण्याला असे प्रतिबिंब मिळेल, असा दंडक घातला. वाड्याची विहीर चकाकली की गच्चीवरच्या टाकीने निमूट निस्तेज राहावे, असा हा घरगुती समेट होता.

इतक्या भानगडी पाहून धूर्त कारागिरांनी एक जुनी युक्ती काढली: पाणी हलवायचेच नाही, खोली बदलायची. १९९६च्या ‘टूम रेडर’मध्ये एकाच खोलीच्या दोन प्रती केलेल्या असतात, एक कोरडी आणि एक पाण्याने भरलेली; खेळाडूने कळ दाबली, की इंजिन एक प्रत उचलून त्या जागी दुसरी ठेवते आणि खेळाडूला वाटते पाणी आले. नाटकाच्या फिरत्या रंगमंचाशी या युक्तीचे नाते जवळचे आहे. त्याच वर्षीच्या ‘सुपर मारिओ ६४’ने त्याहून कमी कष्टांत काम भागवले: भिंतीवरच्या एका चित्रात उडी मारून एका जलमय नगरात शिरता येते, आणि चित्राच्या वरच्या भागात उडी मारली तर नगरात पाणी जास्त, खालच्या भागात मारली तर कमी. पाणलोट क्षेत्र, पर्जन्यमान, बाष्पीभवन या सर्वांची जागा तिथे उडीने घेतली आहे.

पाण्याच्या पातळीने सर्वाधिक माणसे छळली असतील तर ती १९९८च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ऑकारिना ऑफ टाइम’ या खेळातल्या जलमंदिराने. मंदिराच्या मधोमध एक उंच मनोरा आणि भोवती मजल्यांवर मजले; पाण्याच्या पातळ्या तीन, आणि त्या बदलण्याची सोय तीन वेगवेगळ्या ठिकाणी, जिथे भिंतीवर त्रिकोणी चिन्ह आहे तिथे उभे राहून बासरीसारख्या वाद्यावर ठरावीक सूर वाजवायचा. रचना म्हणून ही कल्पना अत्यंत देखणी आहे, कारण एकाच मंदिराचे तीन नकाशे होतात आणि एका पातळीत छत असलेली जागा दुसऱ्या पातळीत जमीन होते. प्रत्यक्षात खेळणाऱ्याच्या वाट्याला येते ते वेगळेच: पाणी वर नेले की खालच्या मजल्यावरची एखादी किल्ली घ्यायची राहून गेल्याचे आठवते, खाली नेले की वरच्या दाराशी जाता येत नाही, आणि येरे माझ्या मागल्या करीत तो पुन्हा चिन्हासमोर बासरी घेऊन उभा राहतो. त्यातच तळाशी उतरण्यासाठी लोखंडी बूट लागत, आणि ते घालायला व काढायला दर वेळी खेळ थांबवून, सामानाचे पान उघडून, बूट निवडून परत यावे लागे. चपला बाहेर काढून मंदिरात जाण्याची सवय असलेल्या वाचकालाही इतक्या वेळा पादत्राणे काढण्याचा प्रसंग आला नसेल. खेळाच्या रचनाकारांपैकी एक असलेले आयजी आओनुमा यांनी या बुटांबद्दल पुढे मुलाखतींत दिलगिरी व्यक्त केली, आणि २०११च्या नव्या आवृत्तीत बूट एका बोटाच्या स्पर्शावर आले व भिंतींवर पातळी बदलण्याच्या जागांकडे नेणारे रंगीत पट्टे ओढले गेले. तेरा वर्षांनी का होईना, पाण्याबाबतच्या तक्रारीची दखल घेतली गेली.

ज्या नकाशांत भरती-ओहोटी हाच इतिहासाचा कणा आहे, तिथेही खेळ पाण्याला जागचे हलू देत नाहीत. ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, त्याची वेळ पाण्याने ठरवली होती. शत्रू भरतीला येईल या अपेक्षेने जर्मनांनी वाळूत लोखंडी अडसर रोवले होते, म्हणून दोस्तांना ते उघडे दिसतील अशी, ओहोटी सरून पाणी नुकतेच चढू लागल्याची घटका हवी होती. लिव्हरपूलजवळच्या बिडस्टन येथे आर्थर डूडसन या गणितज्ञाने भरती वर्तवणाऱ्या यंत्रांवर ती काढून दिली, आणि हा किनारा कोणता हे गुप्ततेपायी त्यांनाही सांगितलेले नव्हते. ही यंत्रे म्हणजे दांडे, चाके आणि कप्प्यांचा संसार असे. चंद्र-सूर्याच्या ओढीचे अनेक लहानमोठे लयबद्ध घटक असतात, त्या प्रत्येकासाठी एक चाक फिरे, सगळ्यांवरून एकच तार ओवलेली असे आणि तारेच्या टोकाची लेखणी सर्वांची बेरीज कागदावर काढी. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८७२च्या सुमारास सुरू केलेल्या या कल्पनेचे एक यंत्र १८७९मध्ये लंडनमध्ये खास भारतीय बंदरांसाठी घडवले गेले होते. एवढ्या खटाटोपाने साधलेल्या त्या सकाळी ओमाहा किनाऱ्यावर सुरुवातीला पावणेतीनशे मीटर वाळू उघडी होती, आणि मग पाणी मागून चढत आले व पाहता पाहता ती गिळत गेले. २००२च्या ‘मेडल ऑफ ऑनर: अलाइड असॉल्ट’मध्ये याच किनाऱ्याचा गाजलेला नकाशा आहे. त्यात अडसर उघडे आहेत, म्हणजे ओहोटी बरोबर आहे. परंतु खेळाडू एखाद्या अडसराआड तासभर दबा धरून बसला, तरी त्याच्या मागचे पाणी टाचेलाही शिवत नाही. डूडसन यांचे निम्मेच गणित त्या नकाशात उतरले आहे.

स्थिर पाण्याचा धूर्तपणे केलेला उपयोगही आढळतो. ‘हाफ-लाइफ २’च्या सागरी महामार्गाच्या भागात धक्के पाण्यापासून दूर, उंच खांबांवर कोरडे उभे आहेत आणि होड्या तळाच्या चिखलात पडल्या आहेत; परग्रहावरच्या आक्रमकांनी समुद्र उपसायला घेतला आहे, हे एकाही संवादाशिवाय कळते. तिथे ओहोटी एकदाच आली आणि परतली नाही. आणि २०१९च्या ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये खरी, चढती, जीवघेणी भरती आहे, परंतु ती वाळूची: जोडग्रहांपैकी एकावरची वाळू २२ मिनिटांत दुसऱ्यावर ओतली जाते, एकीकडचे मनोरे उघडे पडतात आणि दुसरीकडच्या गुहा बुजतात. वाळूला प्रतिबिंब पडत नाही, हा तिचा मोठा गुण होय.

घड्याळाप्रमाणे, रोज, नेमाने येणारी भरती शोधायची तर २००२च्या ‘पोकेमॉन रुबी’ आणि ‘सफायर’ या जोडखेळांतल्या शोल गुहेकडे वळावे लागते. या गुहेत पहाटे तीन ते नऊ आणि दुपारी तीन ते रात्री नऊ ओहोटी असते, उरलेल्या वेळात भरती. पाऊण तासाची घसरण नाही, उधाण नाही, भांग नाही. सरकारी कचेरीच्या फलकावर शोभावे असे हे वेळापत्रक आहे आणि त्याचे पालन मात्र कचेरीहून काटेकोर होते. खेळाच्या पोटात यासाठी २४ घरांची एक ओळ असते, दर तासाला एक घर: आरंभी तीन एक, मग सहा शून्ये, मग सहा एक, पुन्हा सहा शून्ये आणि शेवटी तीन एक. एक म्हणजे भरती, शून्य म्हणजे ओहोटी; केल्व्हिन यांची सगळी चाके आणि कप्प्या इथे दोन आकड्यांत बसल्या आहेत. खेळाडू उघड्यावरून गुहेत शिरतो त्याच वेळी ही ओळ वाचली जाते आणि त्यानुसार भरतीची किंवा ओहोटीची खोली पुढे मांडली जाते, म्हणून आठ वाजून एकोणसाठ मिनिटांनी आत गेलेला खेळाडू नऊनंतरही कोरड्या जमिनीवर हिंडत राहू शकतो, आणि नव्या भरतीला त्याने बाहेर जाऊन परत येईपर्यंत ताटकळावे लागते. गुहेत मिळणारे मीठ आणि शिंपले गोळा करून तिथल्या एका म्हाताऱ्याला चार-चार नेऊन दिले, तर तो त्यांची एक घंटा बनवून देतो.

हे घड्याळ चालते ते खेळाच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात खोचायच्या छोट्या पेटीत, बसवलेल्या एका सपाट बटणसेलवर. तो सोळा मिलिमीटर व्यासाचा, गोल आणि चंदेरी असतो, आणि त्या समुद्राला ओढणारी एकमेव वस्तू तीच असल्यामुळे त्याला तिथला चंद्र म्हणणे शास्त्राला धरूनच होईल. काही वर्षांनी हा चंद्र क्षीण होतो. मग खेळ सुरू करताना पडद्यावर सूचना येते, की आतला सेल संपला आहे, खेळ पुढे खेळता येईल, परंतु वेळेवर अवलंबून असलेल्या घटना यापुढे घडणार नाहीत. त्यानंतर गुहेतले पाणी आहे तिथेच थांबते. म्हातारा आत उभाच असतो, मीठ आणि शिंपले मागत; आणि डाग देऊन घट्ट बसवलेला जुना चंद्र तापल्या सोल्डरिंग गनने उचकटून नवा बसवणारा कुणी घरात असेल, तरच त्याच्या पायाशी पुन्हा पाणी येते.